निष्कर्षाआधीची पाने

१९३६ सालच्या जुलैमध्ये महात्मा गांधींनी ‘हरिजन’मध्ये एका पुस्तिकेविषयी लिहिले. पुस्तिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची होती : ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने आंबेडकरांना आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले होते. भाषणाचा मसुदा हाती आल्यावर मंडळाने त्यातल्या काही भागांना हरकत घेतली, आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि परिषद बारगळली. न झालेले ते भाषण आंबेडकरांनी स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधींना त्यातला मोठा भाग पटला नव्हता. तरीही कोणत्याही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही, सनातन्यांनीही ते वाचले तर त्यांचा लाभच होईल, असे त्यांनी लिहिले. शिवाय एक व्यवहाराची सूचना केली : आठ आणे किंमत जास्त आहे, ती दोन आणे करावी, निदान चार आणे. पुढच्या वर्षी आंबेडकरांनी दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यात गांधींचे लेख जोडले आणि त्यांना दिलेले आपले उत्तरही जोडले.

वैचारिक पुस्तक कसे असावे आणि कसे वाचावे, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. लेखकाचे म्हणणे, त्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आणि आक्षेपाचे उत्तर, हे तिन्ही एका बांधणीत. वाचकाने कोणाच्या बाजूने उभे राहायचे ते वाचकाने ठरवायचे, पण दोन्ही बाजू पुढ्यात घेऊन. या संग्रहातली टिपणे याच वाटेने जाण्याचा प्रयत्न करतात, म्हणून प्रस्तावनेचा आरंभ तिथून केला.

त्या वादातला एक मुद्दा इथे उलगडून दाखवतो. गांधींचे म्हणणे असे की, धर्माची परीक्षा त्याच्या सर्वांत वाईट अनुयायांवरून करू नये, सर्वांत चांगल्या अनुयायांवरून करावी. ज्या धर्मात ज्ञानदेव, तुकाराम, चैतन्य, तिरुवल्लुवर झाले, तो आंबेडकर म्हणतात तितका निःसत्त्व कसा असेल? पहिल्या वाचनात हा आक्षेप बिनतोड वाटतो. आंबेडकर तो झटकून टाकत नाहीत. निकष क्षणभर मान्य करतात आणि विचारतात : मग चांगले इतके थोडे आणि वाईट इतके पुष्कळ, हे कसे? संतांबद्दल ते आणखी एक भेद करतात. देवाच्या दृष्टीने सगळी माणसे सारखी आहेत, असे संतांनी सांगितले. माणसाने माणसाला सारखे मानले पाहिजे, हे वेगळे विधान आहे आणि पहिल्यातून दुसरे आपोआप निघत नाही. हा भेद एकदा ध्यानात आला की वारकरी परंपरेवरचे कोणतेही पुस्तक आपण पूर्वीसारखे वाचू शकत नाही. आंबेडकरांशी सहमत व्हा की होऊ नका, प्रश्न हातात येतो आणि राहतो.

आमच्या वाचनगटात या दोन-तीन पानांवर जितकी चर्चा झाली तितकी जाडजूड ग्रंथांवर झाली नाही. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत आम्ही जमतो. या वस्तीला सध्या दवाखान्यांची वस्ती म्हणूनच लोक ओळखतात. सेंट्रल बाजार रोडवर संध्याकाळी औषधांच्या दुकानांपुढे चिठ्ठ्या घेऊन उभे असलेले नातेवाईक, गाड्यांची दाटी, मध्येच रुग्णवाहिकेचा आवाज, असे सगळे खिडकीतून आत येत असते. गटात एक निवृत्त डॉक्टर आहेत, एक कायद्याची विद्यार्थिनी आहे, बँकेतून निवृत्त झालेले दोघे आहेत, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी तरुण मुले येतात आणि काही महिन्यांनी नोकरी लागून जातात. तत्त्वज्ञानाची पदवी असलेला कोणी नाही. पाळायचा नियम एकच : स्वतःचे मत सांगण्याआधी लेखकाचे म्हणणे अशा शब्दांत मांडायचे की लेखक समोर असता तर त्याने मान डोलावली असती. मग टीका. हा नियम आम्ही शोधलेला नाही. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी आणि तोही जोरकस मांडायची रीत होती, कारण दुबळा पूर्वपक्ष खोडून काढण्यात पांडित्य नाही हे त्या लेखकांना माहीत होते. पाळायला मात्र हा नियम फार अवघड आहे. न पटणाऱ्या लेखकाचे म्हणणे सांगताना आवाजाला आपोआप धार चढते, दोन वाक्यांतच ‘पण’ येतो. गटाने तिथे थांबवायचे आणि पुन्हा सांगायला लावायचे, असा प्रघात पडला.

याची गरज का वाटली, हे त्या परीक्षार्थी मुलांमुळे नेमके कळले. त्यांच्या वह्यांत विचारवंत तीन रकान्यांत असतात : नाव, ग्रंथ, साल. महात्मा फुले, ‘गुलामगिरी’, १८७३. लोकहितवादी, ‘शतपत्रे’, १८४८ पासून. आगरकर, ‘सुधारक’, १८८८. मुले हुशार आहेत, कष्टाळू आहेत, आणि परीक्षा जे विचारते ते ती पाठ करतात, यात त्यांचा दोष काही नाही. पण ‘गुलामगिरी’ हे धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेले पुस्तक आहे, धोंडिबा शंका काढतो आणि जोतीराव उत्तर देतात, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नव्हते. ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलेले आहे, आणि फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेन वाचला होता, हे सांगितल्यावर एका मुलाने विचारले, पेन पुण्यात कसा पोहोचला? विचारांच्या इतिहासाचा अभ्यास अशाच प्रश्नाने सुरू होतो. एक माणूस इंग्लंड-अमेरिका-फ्रान्समध्ये राजांच्या आणि धर्मगुरूंच्या अधिकारावर लिहितो. अर्ध्या शतकानंतर त्याची पुस्तके पुण्यातल्या मिशन शाळेत शिकलेल्या एका तरुणाच्या हाती पडतात. आणि त्याला त्यातून जे दिसते ते पेनला स्वप्नातही दिसले नसते, कारण पेनच्या समोर जात नव्हती. विचार उचलला जातो तेव्हा बदलतो. हा बदल कुठे आणि का झाला, ते शोधायला पुस्तकच उघडावे लागते, तीन रकान्यांत ते मावत नाही.

जयंत्या-पुण्यतिथ्यांनीही असेच नुकसान केले आहे. आपण विचारवंतांचे निष्कर्ष पूजेला लावले आणि त्यांनी तिथवर जाण्यासाठी जी वाट काढली ती बुजू दिली. फुले स्त्रीशिक्षणाच्या बाजूने होते, आगरकर व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने होते, हे सगळ्यांना पाठ. का होते, कोणत्या कारणांनी, कोणत्या आक्षेपांना तोंड देत, हे विचारले की सभा शांत होते. निष्कर्ष तेवढे हाती असलेला माणूस वाद आला की चिडतो, कारण उत्तर द्यायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते.

म्हणून या संग्रहातले पहिले टिपण ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’वर ठेवले आहे. ताराबाई आमच्या विदर्भाच्या, बुलढाण्याच्या. पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. निमित्त होते सुरतेच्या खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली, आणि वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या दुराचारावर लेख येऊ लागले. ‘पुणे वैभव’मधल्या अशा लिखाणाने ताराबाईंना लेखणी उचलायला लावले. त्यांनी काय केले, ते जवळून पाहण्यासारखे आहे. स्त्रियांवर ग्रंथांनी आणि कवींनी लादलेले दोष त्यांनी एकेक करून उचलले : कपट, साहस, अविचार, मूर्खपणा. प्रत्येक दोषापाशी थांबून विचारले, हा पुरुषांत नाही काय? आणि मग उदाहरणे दिली, घरातली, कचेरीतली, पुराणातली. लाच कोण खातो, खोटे कागद कोण करतो, बायको मरताच दुसरे लग्न कोण करतो आणि नवरा मेला तर बायकोने मात्र काय करायचे?

या मांडणीत एक बारकावा आहे. स्त्रिया निर्दोष आहेत असा ताराबाईंचा दावाच नाही. तो केला असता तर एका उलट उदाहरणाने कोसळला असता. त्यांचा दावा तुलनेचा आहे, तो पुस्तकाच्या नावातच आहे. एकच कृत्य एकाकडून झाले की स्वभाव आणि दुसऱ्याकडून झाले की दुर्गुण, हे कोणत्या न्यायाने, एवढाच त्यांचा प्रश्न. भाषा संतापलेली आहे, वाक्ये कधी श्वास न घेता धावतात, पण संतापाखाली युक्तिवादाचा सांगाडा पक्का आहे. फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक विस्मरणात गेले ते जवळजवळ शतकभर, स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. या शतकात मराठीत स्त्रीप्रश्नावर किती लिहिले गेले, आणि त्यात ताराबाई नव्हत्या! विचारांच्या इतिहासात गळालेल्या पानांचाही हिशेब ठेवावा लागतो.

विदर्भात हे सगळे एकाएकी उगवले असे नाही. मराठी गद्याचा आरंभच मुळी इथल्या एका तत्त्वचर्चेच्या नोंदीतून झाला. रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या ‘लीळाचरित्र’ झाल्या. पुढे केशोबासांनी दृष्टांत वेगळे काढून ‘दृष्टांतपाठ’ रचला. आधी सूत्र, मग गोष्ट, मग गोष्ट सूत्राला कशी लागू पडते त्याचा खुलासा, अशी त्याची बांधणी. तेराव्या शतकातला हा शिस्तीचा नमुना आमच्या शाळांत भाषेचा जुना नमुना म्हणूनच शिकवतात, विचाराचा म्हणून नाही. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलते यांनी महानुभाव वाङ्मयासाठी आयुष्य वेचले, त्यांच्या प्रस्तावना त्यासाठी मुद्दाम वाचाव्यात.

प्रस्तावनांचा विषय निघाला की केतकरांकडे जावेच लागते. श्रीधर व्यंकटेश केतकर, जन्म रायपूरचा, शाळा अमरावतीची, डॉक्टरेट अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची, विषय भारतातल्या जातीचा इतिहास. परत आल्यावर त्यांनी मराठीत ज्ञानकोश करायचे ठरवले. पाठीशी राजा नव्हता, सरकार नव्हते. त्यांनी नागपुरात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ’ नावाची मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळवले. काम पुढे पुण्याला गेले आणि १९२० च्या दशकात २३ खंड छापून झाले. त्यांतले पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत. ‘अ’पासून नोंदी सुरू होण्याआधी पाच खंड! ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’, अशी त्यांची नावे.

या नावांपाशी मी नेहमी रेंगाळतो. वर्णानुक्रमे माहिती दिली की ती सुटी सुटी होते, एका नोंदीचा दुसरीशी संबंध वाचकाला दिसत नाही, म्हणून आधी सगळ्या जगाच्या ज्ञानाचा एक आराखडा द्यायचा, हा केतकरांचा हेतू. आणि त्या आराखड्यात प्राचीन जगाची विभागणी कशावर केली आहे? बुद्धावर. बुद्धाच्या आधीचे जग आणि नंतरचे जग. मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरी वर्गणीने पोहोचलेल्या ग्रंथात, १९५६ च्या धम्मदीक्षेच्या तीन दशके आधी. केतकरांची अनेक मते आज टिकणार नाहीत, काही विचित्र आहेत, काही दुखावणारी आहेत, आणि वाचताना ती वाचकाने टिपावीत. पण मराठी वाचकाला सगळ्या जगाच्या विचारांचा इतिहास त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे आणि तो त्याला पेलेल, हा त्यांचा विश्वास होता. आज मराठीत पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावर लिहिताना ‘वाचकाला झेपेल का’ ही काळजी आधी येते. वर्गणीदारांच्या पैशांवर ‘विज्ञानेतिहास’ छापणाऱ्या माणसाला ती आली नव्हती.

मराठी वैचारिक गद्याची साहित्य अकादमीने लवकर दखल घेतली होती. मराठीतला अकादमीचा पहिलाच पुरस्कार, १९५५ चा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या वैचारिक ग्रंथाला मिळाला. १९५९ चा ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्रा’ला आणि १९६२ चा पु. य. देशपांडे यांच्या ‘अनामिकाची चिंतनिका’ला. शेवटचे दोघेही नागपूरचे. आज ही दोन्ही पुस्तके नागपूरच्या दुकानांत मागून पाहा.

माझ्या दृष्टीने या शहराची खरी शाळा मात्र तिसरेच देशपांडे चालवत होते. दि. य. देशपांडे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर, सत्तरी ओलांडल्यावर, एप्रिल १९९० मध्ये त्यांनी नागपुरातून एक मासिक काढले. आधी नाव ‘नवा सुधारक’, मग ‘आजचा सुधारक’. आगरकरांशी नाते नावातच सांगितले होते. आगरकर टेंभूचे, पण मॅट्रिक झाले अकोल्याहून, म्हणजे तेही थोडे आमचेच. मासिकाचा आकार लहान, मुखपृष्ठ साधे. पुढे दिवाकर मोहनी, नंदा खरे अशा संपादकांनी ते चालवले आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ ते छापील रूपात निघत राहिले.

दि. य. देशपांड्यांची ‘विवेकवाद’ ही लेखमाला मी माझ्या विद्यार्थिदशेत वाचली आणि मराठीत असे लिहिता येते याचे नवल वाटले. विशेषणे जवळजवळ नाहीत. उपमा नाहीत. एक विधान घ्यायचे, त्याचे किती अर्थ होऊ शकतात ते वेगळे करायचे, त्यांतला कोणता आपण घेणार ते सांगायचे, आणि मग त्या विधानाला पुरावा कोणता लागेल ते विचारायचे. जितका पुरावा तितकाच विश्वास, हे त्यांच्या विवेकवादाचे सूत्र. वस्तुस्थिती सांगणारे वाक्य आणि काय करावे ते सांगणारे वाक्य यांतली सीमारेषा ते कधी पुसू देत नसत. ‘असे चालत आले आहे’ यातून ‘असे चालले पाहिजे’ निघत नाही, हे त्यांनी इतक्या प्रकारे दाखवले की घरातल्या भांडणातही ती चूक ऐकू येऊ लागली. ईश्वर, श्रद्धा, विवाह, कुटुंब, सगळ्यांना तीच कसोटी. बर्ट्रांड रसेलच्या विवाह आणि नीती या विषयावरच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद मासिकात क्रमाने आला आणि त्यावर वाचकांनी कडाडून लिहिले.

ती वाचकांची पत्रे हा मासिकाचा दुसरा प्राण. लेखावर आक्षेप आला की तो छापायचा, लेखकाने उत्तर द्यायचे, आक्षेपकाने प्रत्युत्तर पाठवले तर तेही छापायचे. त्यांत डॉक्टर असत, शेतकरी असत, अभियंते असत, लहान गावांतले मास्तर असत. अभियंते म्हटल्यावर नंदा खरे आठवतात. बांधकामाचा व्यवसाय केलेला हा माणूस ‘कहाणी मानवप्राण्याची’सारखे पुस्तक लिहितो, उत्क्रांती, अर्थकारण, शहरांची वाढ यांवर मासिकातून सतत लिहितो, आणि ‘उद्या’ या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर होतो तेव्हा तो नम्रपणे नाकारतो. विद्यापीठात खुर्ची नसलेल्या माणसांनी विद्यापीठाच्या तोडीची चर्चा चालवली, ती या शहरात. दि. य. २००५ मध्ये गेले, नंदा खरे २०२२ मध्ये. मासिकाचे जुने अंक आमच्या गटाने मिळतील तिथून गोळा केले. संग्रहातली चार टिपणे त्या अंकांतल्या वादांवर आहेत आणि ती लिहिताना आम्हाला सर्वाधिक आनंद झाला.

तरीही ‘आजचा सुधारक’चा वाचकवर्ग मर्यादित होता, हे म्हटले पाहिजे. मासिकाचा युक्तिवाद कोणालाही खुला होता, पण तो ज्यांच्यापर्यंत पोहोचला ते बहुतेक आधीच शिकलेल्या घरांतले होते. याच शहरात दुसरा एक वाचकवर्ग आहे, त्याच्या संख्येपुढे आमची सगळी वैचारिक नियतकालिके किरकोळ ठरतील. तो रामदासपेठेपासून पायी अर्ध्या तासाच्या आत भेटतो. काचीपुरा चौक ओलांडून दीक्षाभूमीकडे चालू लागायचे, तेही अशोक विजयादशमीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, हे सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशीचे भाषण कमी वाचले जाते. १५ ऑक्टोबरला बाबासाहेब त्याच मैदानावर दीर्घ बोलले, आणि ते भाषण म्हणजे कारणांची मांडणी आहे. नागपूरच का निवडले, याचे उत्तर ते नाग लोकांच्या इतिहासातून देतात आणि त्याबद्दल लोक जे तर्क लढवत होते ते बाजूला सारतात. धर्म माणसाला का लागतो, हाच धम्म का, याची कारणे देतात. लाखोंच्या समुदायाने आदल्या दिवशी दीक्षा घेतली होती. टाळ्या मिळणारच होत्या. तरी कारणे सांगणे त्यांना आवश्यक वाटले. स्वतः त्यांची ही वाट एका मराठी पुस्तकापासून सुरू झाली होती. शालेय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ही आठवण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत नोंदवली, आणि १९५७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा नेमकी ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही.

आता ते पुस्तकांचे स्टॉल. रस्त्याच्या दोन्ही कडांना मांडव, मांडव नसेल तिथे जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर पुस्तकांच्या थप्प्या. मराठवाड्यातून, खानदेशातून, मुंबईहून रेल्वेने आणि एसटीने आलेली कुटुंबे, खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी आणि पाण्याची बाटली, त्याच पिशवीत पुस्तके जातात. बावीस प्रतिज्ञांचे कार्ड, दिनदर्शिका, मूर्ती यांची विक्री मोठी असतेच. पण शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाड खंड हातात घेऊन, अनुक्रमणिकेवर बोट फिरवत उभी असलेली माणसे मी पाहिली आहेत. एकाने विक्रेत्याला विचारले, यात गांधींचे लेख आहेत का? आहेत म्हटल्यावर त्याने पाने उलटून खात्री केली आणि मग पैसे काढले. पहिला खंड होता तो, ज्यात ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ आणि गांधींशी झालेला वाद एकत्र आहे.

ते खंड ज्यांच्या संपादनाखाली १९७९ पासून निघू लागले ते वसंत मून याच शहराचे, सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यात वाढलेले. त्यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन रामदासपेठेत राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे मी आग्रहाने म्हणेन. आपण ज्या रस्त्यांवरून रोज जातो त्यांच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, वाचनालये, आखाडे, समता सैनिक दल, सभा यांनी भरलेले एक वैचारिक जग उभे राहत होते आणि शेजारच्या पेठांना त्याची फारशी खबर नव्हती. मून यांनी सरकारी नोकरी सांभाळत बाबासाहेबांची हस्तलिखिते मिळवण्यासाठी, ती क्रमाने लावण्यासाठी जी मेहनत केली तिच्यामुळे ताडपत्रीवरच्या त्या वाचकाला त्याचा खंड मिळाला, आणि परवडेल अशा किमतीत मिळाला.

या दोन वाचकवर्गांची गाठ क्वचित पडते, याचे मला दुःख आहे. एकाकडे तर्काची शिस्त आहे, दुसऱ्याकडे प्रश्नाची निकड. आमच्या गटात दीक्षाभूमीहून पुस्तके घेऊन येणारी मुले आणि ‘आजचा सुधारक’चे जुने वर्गणीदार एकाच टेबलाशी बसतात, तेव्हा काही संध्याकाळी सूर लागतो, काही संध्याकाळी लागत नाही. आरक्षणावरच्या चर्चेत एकदा एकाने तत्त्व आणि वस्तुस्थिती यांतला दि. यं.चा भेद मांडला, तर समोरच्या मुलीने विचारले की वस्तुस्थितीची निवड कोण करतो, कोणती आकडेवारी टेबलावर येते आणि कोणती येत नाही? दि. य. असते तर त्यांनी हा प्रश्न वहीत लिहून घेतला असता असे मला वाटते. त्या चर्चेचे टिपण या संग्रहात त्या मुलीनेच लिहिले आहे.

संग्रहाविषयी थोडे. टिपणे वेगवेगळ्या हातांची आहेत, त्यांच्यात एकसारखेपणा आणायचा आम्ही प्रयत्न केला नाही. प्रत्येक टिपणात पुस्तकाचा मुख्य युक्तिवाद आधी येतो, मग आम्हाला सापडलेला सर्वांत सबळ आक्षेप, मग लिहिणाऱ्याचे मत. देकार्त, ह्यूम, कान्ट, मिल यांच्यावरची टिपणे मागच्या भागात आहेत. तत्त्वज्ञान ग्रीकांपासून सुरू करायचे ही पाठ्यपुस्तकी रीत आम्ही सोडली. ताराबाईंचा प्रश्न कळलेला वाचक मिलकडे गेला तर त्याला तिथे ओळखीचे काही भेटते, उलट क्रमाने गेल्यास बरेच जण मिलपर्यंत पोहोचायच्या आतच पुस्तक मिटतात, असा आमचा अनुभव. अवघड जागी आम्ही अवघडच राहिलो आहोत. कान्टचे टिपण तीनदा लिहिले गेले, तरी ते सावकाश आणि दुसऱ्या कोणाबरोबर वाचावे लागेल.

मूळ पुस्तकांऐवजी ही टिपणे कोणी वाचू नयेत. फुले आणि आंबेडकर यांचे समग्र खंड शासनाने काढलेले आहेत. केतकरांचा ज्ञानकोश आता संगणकावरही वाचता येतो. बाकीच्यांसाठी विद्यापीठाचे डॉ. पी. व्ही. नरसिंहराव ग्रंथालय रामदासपेठेतच आहे, आणि बर्डीवर विदर्भ साहित्य संघ आहे.

आगरकरांवर मात्र एकाऐवजी दोन टिपणे आहेत, कारण गटाचे एकमत झाले नाही. एका टिपणाचे म्हणणे असे की, आगरकरांचा सुधारणावाद शिकलेल्या उच्चवर्णीय घराच्या उंबरठ्याशी थांबतो, त्यांची उदाहरणे पाहा : बालविवाह, केशवपन, सोवळे, स्त्रियांचा पोशाख. दुसऱ्याचे म्हणणे, उदाहरणे त्या घरातली असली तरी तत्त्व त्या घरापुरते नाही; माणसाने रूढीला कारण विचारावे, हे म्हटले की ते जातीलाही लागू होते, आगरकरांनी ते किती लागू केले हा निराळा प्रश्न. दोन्ही लिहिणारे एकमेकांचे टिपण वाचून पुन्हा आपापल्या मतावर आले. दुसऱ्या छपाईची वेळ आलीच, तर वाचकांकडून येणारे आक्षेप लेखकांच्या उत्तरांसह त्यांच्याच पाठोपाठ छापू.